वडापची जीप पुन्हा फोर-बाय-फोर: जुन्या सुट्या भागांतून उभ्या राहिलेल्या एका गाडीचं प्रकरण

चंदगड तालुक्यात माझ्या आतेभावाची काजूची बाग आहे. डांबरी रस्ता संपला की तीनेक किलोमीटर पाणंद, मध्ये ओढा, ओढ्यापलीकडे जांभ्याचा उघडा चढ आणि वर बाग. उन्हाळ्यात तिथवर टेम्पो जातो. मिरग बरसला की दिवाळीपर्यंत ट्रॅक्टरशिवाय काही चढत नाही, आणि खताच्या चार पोत्यांसाठी किंवा दोन गडी सोडायला दर वेळी भाड्याचा ट्रॅक्टर परवडत नाही. त्यात दादाला, म्हणजे या आतेभावाला, एक हौसही आहे. गडहिंग्लज-आजऱ्याकडचे काही जीपवाले सुट्टीच्या दिवशी जमीनमालकाला विचारून त्याच्या रानात, चिखलात, दगडांत गाड्या घालतात. त्यांच्यात त्याला जायचं होतं. काम आणि हौस एकाच गाडीत, तीही अडीच लाखांच्या आत, अशी मागणी घेऊन तो 2023 च्या दिवाळीत माझ्याकडे आला.

माझं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गाड्या हा माझा धंदा नाही. पण ऑइल इंजिनांच्या काळापासून या भागात लेथ, मिलिंग, गिअर कटिंग, वेल्डिंग सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं, आणि जुन्या जिपांवर हात बसलेले दोन मेस्त्री माझ्या ओळखीचे. म्हणून काम अंगावर घेतलं.

गाडी कुठली, यावर फार वेळ गेला नाही. मारुतीची जिप्सी हलकी आणि चिखलाला उत्तम, पण तिचं उत्पादन थांबल्यापासून भाव चढलेत. आमच्या पैशांत जी मिळत होती तिचा पत्रा बोटाने दाबला तरी फुटत होता. राहिली महिंद्राची जुनी जीप. महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत विलीजच्या जिपा जोडायला सुरुवात केली आणि त्या घराण्यातले किती तरी भाग थोड्याफार फरकाने पुढे चार-पाच दशकं चालत राहिले. त्यामुळे ग्रामीण भागातल्या कुठल्याही भंगाराच्या अड्ड्यावर त्या घराण्यातलं काही ना काही पडलेलं असतंच. सोय ती, आणि फसगतही तिथेच. या प्रकरणात आम्ही ज्याच्यावर सगळ्यात जास्त डोकं खाजवलं ते हेच: दिसायला सारखे, बोल्टच्या भोकांना बरोब्बर बसणारे, पण एकमेकांशी न जुळणारे भाग.

आधी कागद

जुन्या भागांतून गाडी म्हटलं की आमच्याकडे लोकांना देवराष्ट्रेची ती छोटी जीप आठवते. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावच्या एका कारागिराने साठेक हजारांत, किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. 2021 च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये दिलीही. कारागिरीचं कौतुक करतानाच ही गाडी नियमांत बसत नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं. कौतुकाच्या भरात तेवढं वाक्य लोक विसरले.

दादाला विसरून चालणार नव्हतं. घर ते पाणंद हा रस्ता डांबरी आहे, त्यावर पोलीस आहेत, समोरून एसटी येते आणि मागे गडी बसलेले असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बघते.

म्हणून पहिली अट ठरली: जिचं आरसी बुक जिवंत आहे आणि चॅसीवरचा ठोकलेला नंबर हाताने घासून वाचता येतो, अशीच जीप घ्यायची. बाकी काही नसलं तरी चालेल. दोन जणांनी सरकारी खात्याच्या लिलावातली जीप सुचवली. पूर्वी तो रस्ता खरंच स्वस्त होता. पण 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होते आणि त्या अधिकृत स्क्रॅप केंद्रात जायच्या असतात. अशा गाडीचा नुसता सांगाडा कुणी विकायला आणला तरी तिच्यावर नंबर प्लेट कायदेशीरपणे पुन्हा चढत नाही. सुटे भाग म्हणून घ्यायचं असेल तर ठीक, गाडी म्हणून नाही.

गारगोटीच्या अलीकडे एका बंद पडलेल्या गुऱ्हाळामागे आमची जीप सापडली. 1994 ची महिंद्राची एमएम 540, खासगी पासिंग, पण सारा जन्म वडापात, म्हणजे भाड्याने माणसं भरून नेण्यात गेलेला. नोंदणीची मुदत संपत आली होती पण संपलेली नव्हती, मालक पहिलाच, बोजा नाही. इंजिन मात्र नव्हतं. ते कधीच कुणाच्या तरी उपशाच्या पंपाला जोडून गेलं होतं. मालकाने 70,000 रुपये सांगितले आणि एक पैसा कमी केला नाही. सत्तर हजार कशाचे, असं दादा परतीच्या वाटेवर पुटपुटत होता. माझ्या मते त्यातले पन्नास तरी कागदाचे होते, आणि ते योग्यच होते.

वडापाने काय ठेवलं, काय नेलं

वडापची जीप म्हणजे काय ते पश्चिम महाराष्ट्रात सांगायला नको. नऊच्या जागी सोळा माणसं, वर टपावर दूध आणि कोंबड्या. अशा गाडीला फोर-व्हील ड्राइव्हचा (फोर-बाय-फोरचा), म्हणजे चारी चाकांना ओढ मिळण्याचा उपयोग शून्य. उलट वजन वाढतं आणि डिझेल जास्त लागतं. त्यामुळे बहुतेकांनी पुढचा ओढणारा ॲक्सल काढून विकला आणि त्या जागी साधा, नुसता चाकं धरणारा ॲक्सल बसवला. आमच्या जीपचंही तेच झालं होतं. पुढच्या ॲक्सलला फिरवणारी दांडी, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट गायब, ट्रान्सफर केसचा (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलांत वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर कापून भोकावर पत्र्याचा तुकडा वेल्ड केलेला. मागे कमान पाट्यांमध्ये जादा पाटे घातलेले. पाटे जादा म्हणजे गाडी बसत नाही हे खरं, पण खडकाळ वाटेवर चाक खालीवर व्हायला हवं तेव्हा ती ठोकळ्यासारखी उचलली जाते आणि एक चाक हवेत राहतं. ते जादा पाटे काढून टाकले. या अख्ख्या कामात फुकटात झालेली सुधारणा तेवढी एकच.

चॅसी उघडी करून धुतली. हातोडीने टोकत गेलं की चांगला पत्रा टणटणतो आणि गंजलेला बद्द वाजतो. मागच्या डाव्या पाट्याच्या हँगरजवळ आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या जोडाशी बद्द आवाज आला. बाहेरून रंग शाबूत होता. खरवडल्यावर पापुद्रे निघाले.

वेल्डिंगला हात घालण्याआधी चॅसी सरळ आहे का ते बघितलं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. गाडी सपाट फरशीवर चार घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) ठेवायची, पाट्यांच्या हँगरपासून ओळंबा सोडायचा आणि जमिनीवर खडूने खूण करायची. चारी खुणा झाल्या की गाडी बाजूला सारून कर्ण मोजायचे. दोन कर्णांत 4 मिलिमीटरचा फरक आला. तीस वर्षं वडापात धावलेल्या जीपला हा फरक म्हणजे काहीच नाही. हाच फरक वीस-पंचवीस निघाला असता तर मी तिथेच काम थांबवायला सांगितलं असतं. तिरक्या चॅसीवर कितीही चांगले ॲक्सल टाका, गाडी खेकड्यासारखी चालते आणि टायर खाते.

गंजलेला भाग कापून तिथे पट्टी मारली. पट्टीची टोकं सरळ उभी कापली नाहीत, तिरकी ठेवली. सरळ उभ्या वेल्डच्या रेषेत सगळा ताण एकवटतो आणि पुढेमागे चॅसी नेमकी त्या रेषेवर तडकते. उद्यमनगरात ट्रकच्या चॅसी दुरुस्त करणारे हे डोळे मिटून करतात. जीपवाले वेल्डर मात्र घाईत चौकोनी ठिगळ लावून मोकळे होतात.

39 आणि 43

आता पुढचा ॲक्सल. कागलजवळच्या एका अड्ड्यावर एक सापडला. कुठल्याशा जुन्या पेट्रोल जीपचा, ब्रेकच्या ड्रमपासून ड्रमपर्यंत पूर्ण, हौसिंग (बाहेरचं कवच) सरळ, पाट्यांच्या बैठकींची मापंही आमच्याशी जुळणारी. अड्डेवाला म्हणाला, "सेम टू सेम हाय सायेब, डोळं झाकून बसवा."

माझ्याबरोबरच्या मेस्त्रींनी डोळे झाकले नाहीत. त्यांनी ॲक्सल दोन ओंडक्यांवर आडवा ठेवायला लावला. एका बाजूच्या ड्रमच्या स्टडमध्ये पहार अडकवून तो ड्रम फिरणार नाही असा जाम केला. दुसऱ्या ड्रमवर आणि पिनियनच्या, म्हणजे शाफ्टने फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या, फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकतीवर) खडूने एकेक रेघ मारली. मग मी ड्रम हाताने फिरवायचा आणि त्यांनी फ्लँजचे फेरे मोजायचे. ड्रमचे बरोबर सोळा फेरे.

सोळाच का, तर डिफरन्शियलमध्ये (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या संचात) एक चाक अडवून दुसरं दोनदा फिरवलं की आतला क्राऊन, म्हणजे पिनियनने फिरणारं मोठं दातेरी चाक, एकदा फिरतो. सोळा फेऱ्यांत क्राऊन आठदा फिरतो. या घराण्यातल्या कित्येक ॲक्सलांच्या पिनियनला दात आठच असतात. त्यामुळे क्राऊन आठ फेरे फिरला की पिनियनचे जेवढे फेरे मोजाल तेवढेच क्राऊनला दात. ॲक्सल न उघडता, एक नटही न सोडता.

आमच्या जीपचा मागचा ॲक्सल वर्कशॉपमध्ये आधीच असा मोजून ठेवला होता. तो 39 होता. अड्ड्यावरचा पुढचा निघाला 43.

39 ला 8 ने भागलं की 4.88, आणि 43 ला 8 ने भागलं की 5.38. म्हणजे फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर ट्रान्सफर केस पुढच्या-मागच्या दोन्ही शाफ्टना एकाच वेगाने फिरवणार, पण पुढची चाकं मागच्यांपेक्षा सुमारे 10 टक्के हळू फिरायला बघणार. गाडी एक आणि पुढची-मागची चाकं दोन वेगांची. हे भांडण कुठे तरी सुटावंच लागतं. चिखलात चाकं घसरून ते सुटतं आणि ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. कोरड्या कातळावर चाकं घसरत नाहीत. मग ताण शाफ्टमध्ये साठत जातो, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, फोर-व्हीलचा लिव्हर गिअरमधून बाहेर निघत नाही आणि शेवटी जे सगळ्यात कच्चं असेल ते तुटतं. बहुतेक वेळा शाफ्टच्या सांध्यातला यूजे क्रॉस, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफर केसचा गिअर.

अड्डेवाल्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "अहो, असलं किती दिलं, एकाची तक्रार न्हाई." तो खोटं बोलत नसावा. त्याची गिऱ्हाइकं भातखाचरातली, चिखलातली. दादाच्या वाटेवर मात्र ओढ्यानंतर जांभ्याचा कातळ आहे. नेमका जिथे फोर-व्हील लागणार, तिथेच चाकांना घसरायला जागा नव्हती.

पर्याय दोन होते. मागचा ॲक्सल 5.38 करायचा, किंवा पुढचा 4.88. हौशी मंडळींचा कौल पहिल्याकडे असतो, कारण 5.38 ने चढाला जोर वाढतो. हिशोब करून बघितला. पहिला गिअर चारच्या आसपास धरा, ट्रान्सफर केसचा लो (चढासाठीचा हळू गिअर) 2.46, गुणाकार 4.88 ने केला तर इंजिनाचे 48 फेरे होतात तेव्हा चाकाचा एक, आणि 5.38 ने केला तर 53. फरक आहे, पण आमच्या चढाला 48 पुरेसे होते, आणि ज्या मागच्या ॲक्सलचे बेअरिंग, सील, लाइन सगळं मूळचं आणि निरोगी आहे तो उघडण्यात अर्थ नव्हता. शिवाय 4.88 वर राहिलं की डांबरी रस्त्यावर इंजिन कमी बोंबलतं.

मग वाकलेला ॲक्सल शोधला. हे ऐकायला उलटं वाटेल. अपघातातल्या एमएम 540 चा पुढचा ॲक्सल, नळी वाकलेली, कुणाच्याच कामाचा नाही, म्हणून जवळपास वजनाच्या भावात 7,000 ला मिळाला. त्याचे फेरे मोजले: 39. हौसिंग वाकलं म्हणून आतला क्राऊन-पिनियन खराब होतोच असं नाही. झाकण उघडून दात बघितले, घासल्याची खूण सरळ आणि मधोमध होती. पिनियन, क्राऊन आणि डिफरन्शियलचा पिंजरा असा आख्खा संच उचलून कागलच्या सरळ हौसिंगमध्ये घातला. क्राऊन एकाचा आणि पिनियन दुसऱ्याचा असं कधी करू नये. ते दोघं कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. जोडी फोडली की दात ओरडायला लागतात.

बसवताना नवे बेअरिंग, आणि शिमा (पातळ चकत्या) कमी-जास्त करत दातांवर निळा रंग लावून खूण बघायची. खूण दाताच्या बुडाकडे गेली तर पिनियन जास्त आत घुसलाय, टोकाकडे गेली तर मागे राहिलाय. जुन्या दातांच्या बाबतीत मेस्त्रींची एक शिस्त मला आवडली. पुस्तकातली आदर्श खूण ते शोधत नाहीत, पूर्वीच्या झिजेची खूण शोधतात आणि दात पुन्हा त्याच जागी भेटतील असं बघतात. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायलवर 0.15 ते 0.20 मिमीमध्ये आला तेव्हा कुठे त्यांनी चहा मागवला.

ट्रान्सफर केसची कथा त्यामानाने छोटी. आतले गिअर होते, लिव्हरचे फोर्क आणि रॉड नव्हते. ते, बेअरिंग आणि पुढच्या शाफ्टसह मिळून 8,000 रुपयांत झालं.

इंजिन

एमएम 540 चं मूळ इंजिन प्यूजोच्या परवान्यावरचं 2112 सीसीचं डिझेल. साठेक अश्वशक्ती, आजच्या मानाने किरकोळ. प्रत्येक भेटायला येणाऱ्याने दुसरं इंजिन सुचवलं: बोलेरोचं 2523 सीसीचं टाका, टोयोटाचं टाका, टाटाचं टाका. ताकदीच्या दृष्टीने सगळ्यांचं बरोबर. पण आरसीवर जे लिहिलंय त्याच बनावटीचं, त्याच इंधनाचं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन बदलता येतं आणि नवा क्रमांक बुकात चढतो. दुसऱ्या घराण्यातलं इंजिन टाकलं की माउंटिंग, बेल हौसिंग, रेडिएटर आणि सायलेन्सर तर बदलावे लागतातच, वर कलम 52 उभं. आम्ही 2112 वरच राहिलो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून इंजिन मागवू, असा एक सल्ला होता. तिथे मिळतं, यात शंका नाही. पण न चालवता, न बघता ट्रान्सपोर्टने आलेलं इंजिन म्हणजे लॉटरी. इचलकरंजीत एका गॅरेजवाल्याकडे स्क्रॅप झालेल्या जीपचं इंजिन होतं. बॅटरी आणि डिझेलचा कॅन घेऊन सकाळी लवकर गेलो, कारण इंजिन थंड असतानाच बघायचं. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन कुणीही सुरू करून दाखवतो. हीटर प्लगला वेळ दिला, सेल्फ मारला, दोन-तीन गचक्यांत लागलं. तेल भरायचं झाकण काढलं तर भपका होता, पण फुसफुस इतपतच; झाकण उडवणारा नव्हता. डिपस्टिकवर दुधाळ तेल नाही. 45,000 ला ठरलं. त्यांच्याकडून पावती घेतली आणि ज्या गाडीतून ते निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत घेतली. ही प्रत नसती तर आरटीओत काम अडकलंच असतं. नोझल-पंपाचं काम, क्लच प्लेट, वॉटर पंप आणि होज मिळून वर 22,000.

जे जुनं घेतलं नाही

सुरुवातीलाच एक रेघ आखली होती. गाडी चालवणारी वस्तू जुनी चालेल, गाडी थांबवणारी आणि वळवणारी नाही. मास्टर सिलिंडर, चारी व्हील सिलिंडर, लायनर, धातूचे पाइप, रबरी होज, सगळं नवं. स्टिअरिंगचे टाय रॉड एंड नवे. स्टिअरिंग बॉक्स मूळचाच होता, तो उघडून बुश आणि सील बदलले. मिळून 28,000. अड्ड्यावर हेच सगळं चार-पाच हजारांत मिळालं असतं, आणि दादाने ते दोनदा बोलून दाखवलं. ड्रमवर लावलेला हात काळा होतो, पण आत सिलिंडरच्या रबराला गंजाने खाच पडलीय का ते हाताला कळत नाही.

काही गोष्टी त्याने मागितल्या आणि मी दिल्या नाहीत. पुढे लोखंडी बुल बार त्याला हवा होता. केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरात राज्यांना लिहून त्यांवर कारवाई करायला सांगितलेलं आहे, आणि माणसाला धडकलं तर त्या पाइपाने हाड शिल्लक राहत नाही. पाटे ॲक्सलच्या वर घेऊन गाडी उंच करायचा आग्रहही होता. जीपवाल्यांत याचं वेड आहे. चार-पाच इंच उंची मिळते खरी, पण शाफ्टचा कोन वाढतो, स्टिअरिंगची दांडी तिरकी होते आणि आडव्या उतारावर गाडी कलंडायला सोपी जाते. मागे माणसं बसणार होती. विषय तिथेच संपला.

त्याऐवजी स्वस्तातल्या दोन गोष्टी केल्या. दोन्ही ॲक्सलच्या ब्रीदरला (हवा आत-बाहेर करणाऱ्या तोंडाला) रबरी नळी जोडून ती इंजिनाच्या खोलीत उंचावर नेली. चालून गरम झालेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आखडते आणि ब्रीदरमधून पाणी ओढून घेते; मग डिफरन्शियलमधलं तेल ताकासारखं होतं. दुसरं म्हणजे पुढे-मागे ओढायचे हुक चॅसीच्या दांड्याला आतून प्लेट देऊन बोल्टने बांधले. बंपरला लावलेला हुक जोर आला की बंपरसकट निघून येतो.

टायर मूळ मापाचे, 6.00-16, नवे. अरुंद दिसतात म्हणून रुबाब कमी, पण पाणंदीतल्या चिखलात तेच बरे. रुंद टायर वर तरंगत राहतो. अरुंद टायर चिखल कापत खालच्या मुरमापर्यंत पोचतो आणि तिथे पकड घेतो. ट्यूबचा टायर असल्याने हवा फार कमी करता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावं लागतं. हवा अगदी उतरवली तर जोर लागताच टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत खेचतो आणि वॉल्व्ह मुळापासून फाटतो.

हिशोब

अडीच लाख ठरले होते, 2 लाख 90 हजार झाले. सांगाडा आणि कागद 70, इंजिन त्याच्या कामासकट 67, दोन्ही पुढचे ॲक्सल आणि ट्रान्सफर केस 39, ब्रेक-स्टिअरिंग 28, टायर 26, चॅसी आणि पत्र्याचं काम 16, बेअरिंग-सील-क्रॉस-तेल 14, वायरिंग-बॅटरी-दिवे 12, आणि आरटीओ, पर्यावरण कर, विमा हे सगळं 18 हजार. माझ्या वर्कशॉपची मजुरी यात धरलेली नाही. आतेभावाकडून मजुरी कोण घेणार. मेस्त्रींची मात्र धरली आहे. जुना साधा ॲक्सल, काढलेले पाटे आणि वाकलेलं हौसिंग विकून 11,000 परत आले.

हे आकडे दादासमोर मांडले तेव्हा त्याला एक गोष्ट खटकली. गावभर तो भंगारातून गाडी केल्याचं सांगत होता, आणि सांगाडा सोडला तर अड्ड्यावर आणि गॅरेजात जुन्या मालासाठी गेलेली रक्कम होती 76,000. एकूण खर्चाचा जेमतेम पाव हिस्सा. उरलेलं सगळं नव्या वस्तू, मजुरी आणि कागदांत. अशा कामाला हात घालणाऱ्याने जुन्या मालाच्या भावात घासाघीस करण्यात जेवढा जीव घालवायचा, त्याच्या दुप्पट या उरलेल्या तीन हिश्शांचं नियोजन करण्यात घालवावा. आमचे चाळीस हजार तिथेच वाढले, अड्ड्यावर नाही.

पहिला पावसाळा

2024 च्या मेमध्ये पासिंग झालं. नूतनीकरणाची फी तेव्हा 5,000 होती. इंजिन क्रमांकाच्या नोंदीला वेळ लागला, पण कागद पूर्ण असल्याने अडवणूक झाली नाही. निरीक्षकाने खाली वाकून पुढचा ॲक्सल बघितला आणि ही गाडी वडापला नव्हती का, असं हसत विचारलं.

जूनच्या अखेरीस ओढा भरून वाहायला लागला तेव्हा मी मुद्दाम गेलो. पाणी हबच्या वर नव्हतं. लो फोर, दुसरा गिअर, पाय क्लचवरून काढलेला, गाडी आपल्या चालीने पलीकडे गेली. पुढच्या कातळावर मला हवं होतं ते दिसलं: चढ चढून वर सपाटीला आल्यावर दादाने लिव्हर ओढला आणि तो दोन बोटांनी बाहेर आला. गिअर जुळलेत की नाही, याची यापेक्षा खात्रीची तपासणी नाही.

ब्रेकनी मात्र पाण्यानंतर दगा दिला, आणि ते अपेक्षित होतं. ड्रममध्ये पाणी गेलं की पहिली दोन-तीनदा पेडल दाबूनही ब्रेक नीट लागत नाही. आता ओढा ओलांडला की पन्नासेक फूट डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून गाडी चालवायची आणि लायनर वाळवूनच उतार धरायचा, असा नियम केलाय. दादाचा मुलगाही गाडी चालवतो. त्याच्यासाठी डॅशबोर्डवर रंगाने लिहून ठेवलंय: "ओढा झाला? ब्रेक वाळव."

पुढच्या ॲक्सलच्या टोकांना, चाक वळतं तिथल्या गोळ्यांचे सील गळतात. जुन्या जीपच्या बंद नकलचा (त्या झाकलेल्या सांध्याचा) हा जन्मजात रोग. चिखलाचा एक हंगाम झाला की फेल्ट खराब होते. सील स्वस्त आहेत, बदलणं किचकट. दिवाळीनंतर दरवर्षी ते काम धरून चालायचं.

रविवारच्या चिखलाला गाडी जाते. तिथल्या उंच केलेल्या, रुंद टायरवाल्या जिपांशेजारी ती बुटकी दिसते. दादा आता स्वतःच्या हाताने दुसऱ्यांच्या ॲक्सलचे फेरे मोजून देतो, पहार आणि खडू गाडीतच असतो. त्यांच्यातल्या एकाचा पुढचा 43 आणि मागचा 39 निघाला. वर्षभर दर सहलीला क्रॉस तुटायचा आणि तो क्रॉसच्या कंपन्या बदलत बसला होता.

पाणंद काँक्रीटची व्हायची चर्चा गावात सुरू आहे. झाली तर या सगळ्याची निम्मी गरज संपेल, पण ओढ्यावर पूल होईपर्यंत जीप लागेलच. आत्ताचं राहिलेलं काम म्हणजे तिसरा गिअर. उतारावर ॲक्सिलेटर सोडला की तो निसटून न्यूट्रलला येतो. सिंक्रो किंवा फोर्क, दोन्हीपैकी एक. गिअरबॉक्स काढायचा तर ट्रान्सफर केसही खाली येणार, म्हणून मेस्त्री म्हणालेत की सीलच्या कामाबरोबरच करू. तोवर उतारावर दुसरा.